कोठाराची किल्ली कोणाकडे?

अन्नाने माणसाचा इतिहास घडवला का, यावर हल्ली हिरिरीने वाद झडतात. एका बाजूला पिकांचे भक्त आहेत. त्यांच्या मते गव्हाने माणसाला पाळीव केलं, मिऱ्याने जहाजं समुद्रात लोटली, बटाट्याने युरोपातले कारखाने चालवले आणि साखरेने गुलामगिरी आणली. ही वाक्यं चटकदार असतात, लक्षात राहतात, म्हणून पटल्यासारखीही वाटतात. दुसऱ्या बाजूला इतिहास म्हणजे राजे, लढाया, धर्म आणि विचार असं मानणारे आहेत. त्यांच्या लेखी जेवणखाण ही पडद्यामागची व्यवस्था, ती इतिहासाच्या पानावर आणायची गरजच काय? दोन्ही बाजू एकमेकींना खोडण्यात इतक्या गुंतल्या आहेत की मधला प्रश्न तसाच राहून जातो. पीक आलं, कापलं, मळलं. त्यानंतर ते मोजलं कोणी, साठवलं कोणी, आणि कोणाच्या पानात किती पडणार हे ठरवलं कोणी?

माझी भूमिका आधीच सांगतो. अन्नाचा इतिहासावरचा ठसा राजांच्या आणि विचारांच्या ठशाहून उथळ नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो ठसा पिकाच्या अंगच्या गुणांनी उमटला, असं म्हणणं चुकीचं आहे आणि घातकही आहे. शेतातून निघालेलं धान्य आणि माणसाचं तोंड यांच्या मध्ये कोठार असतं, माप असतं, वही असते, रस्ता असतो, पहारा असतो आणि हुकूम असतो. इतिहास घडला तो या मधल्या जागेत. पिकाला नायक किंवा खलनायक केलं की ही जागा दिसेनाशी होते आणि तिथे बसून निर्णय घेणारी माणसं अलगद सुटतात. लाखो लोक उपाशी मेले आणि कागदोपत्री कारण राहिलं ते ‘पाऊस पडला नाही’ किंवा ‘पिकावर रोग पडला’ एवढंच. ते याच सवयीने.

पिकांच्या बाजूचं जे खरोखर भक्कम आहे, ते मान्य करायला मला अडचण नाही. अन्नाने माणसाचं शरीर बदललं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा सापडल्या आहेत, आणि शिजवलेल्या अन्नातून मिळालेल्या जादा ताकदीचा आपल्या मेंदूच्या वाढीत मोठा वाटा असावा, असं मांडणारे अभ्यासक आहेत. दुधाचं उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता आज जगातल्या साधारण एक तृतीयांश प्रौढांमध्येच आहे आणि ती रुजली ती पिढ्यानपिढ्या गुरं पाळणाऱ्यांच्या वंशात. पण इथेही क्रम नीट पाहावा. आधी माणसांनी गुरं राखली, दूध काढलं, ते आंबवून पचेल असं केलं. जनुकातला बदल त्या जगण्याच्या मागून पसरला. शरीर घडवणाऱ्या अन्नामागेसुद्धा कोणीतरी केलेली निवड उभी असते.

आता ‘गव्हाने माणसाला पाळीव केलं’ या लाडक्या दाव्याकडे येऊ. जंगली गव्हाची लोंबी पिकली की तिचा देठ ठिसूळ होतो आणि दाणे आपोआप मातीत गळतात. ज्या थोड्या लोंब्यांचे दाणे गळत नव्हते, त्याच कापणाऱ्याच्या हाती जास्त लागल्या, त्याच पुन्हा पेरल्या गेल्या, आणि कालांतराने गहू असा झाला की मळल्याशिवाय दाणा सुटेना. बदल्यात माणसाने नांगरलं, निंदलं, राखण केली. अनेक ठिकाणी सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे त्यांच्या आधीच्या शिकारी लोकांपेक्षा खुजे निघतात, दात जास्त किडलेले दिसतात. हे सगळं खरं आहे. पण म्हणून माणूस गव्हाच्या सापळ्यात अडकला, हा निष्कर्ष कसा निघतो? जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या चुलीत सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले आहेत. शेती रुजायच्या सुमारे ४,००० वर्षं आधी तिथली माणसं रानातलं धान्य गोळा करत होती, दळत होती, भाजून खात होती, आणि तरीही शेतकरी झाली नव्हती. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपे इथले इ.स.पू. ९५०० च्या सुमाराचे प्रचंड दगडी खांब ज्यांनी उभे केले, तेही रानातल्या अन्नावरच जगत होते. एवढे हात एका जागी आणायचे म्हणजे एवढ्या तोंडांची सोय करावी लागते. म्हणजे माणसं जमवणं, त्यांना जेवू घालणं आणि त्यासाठी साठा करणं हे पेरणीच्या आधीपासून चालू होतं. गव्हाला एवढं कर्तेपण बहाल करण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

यावर एक जास्त हुशार युक्तिवाद येतो आणि त्याला मी मान देतो. धान्य जमिनीच्या वर पिकतं, साधारण एकाच वेळी पिकतं, वाळवलं की टिकतं, मापाने मोजता येतं. करवसुली करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? कंद मात्र जमिनीत दडून राहतात, लागेल तसे उपटता येतात, ओले असताना जड आणि नाशवंत. म्हणून पहिली राज्यं धान्याच्या प्रदेशात उभी राहिली, असं हा युक्तिवाद सांगतो. यात तथ्य आहे, पण मग अँडीज पर्वतातल्या इंका साम्राज्याचं काय? तिथल्या लोकांनी बटाटे रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत गोठवले, दिवसा पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढलं आणि उन्हात वाळवून ‘चुन्यो’ केला. तो वर्षानुवर्षं टिकतो. डोंगरउतारांवर वाहत्या वाऱ्यात ओळीने बांधलेल्या सरकारी कोठारांत मक्याबरोबर हा चुन्योही भरलेला असे आणि त्याचा हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवला जाई. कंद वाळवता आला, साठवता आला, मोजता आला, की त्याच्या आधारानेही साम्राज्य चालतं. या युक्तिवादातला खरा शब्द साठा हाच आहे.

साठा म्हटला की हिशेब आला, आणि हिशेबातून काय निघालं ते पाहा. इराकमधल्या उरुक शहरात इ.स.पू. ३३०० ते ३१०० च्या सुमाराच्या ज्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांतल्या बहुतेकांवर नोंदी आहेत: बार्ली किती आली, बिअर किती दिली, कोणाला किती. जगातलं हे सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक, आणि ते कोठारातल्या कारकुनाचं आहे. त्याच शहरात जाड, ओबडधोबड, उतरत्या काठाची मातीची वाडगी ढिगांनी मिळतात, साच्यातून भराभर काढलेली, कसलंही नक्षीकाम नसलेली. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती मजुरांना शिधा मापून देण्यासाठी होती. काही जण त्यांना पाव भाजण्याचे साचे मानतात. पण त्या काळच्या लिपीत अन्नासाठी जे चिन्ह होतं ते अशाच वाडग्याचं. आणि ‘खाणे’ या क्रियेसाठी? माणसाचं डोकं, आणि त्याच्या तोंडाशी तेच वाडगं. हे चिन्ह मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. लिहायला शिकलेल्या माणसाला खाण्याचं चित्र काढायचं होतं, आणि त्याने ना झाड काढलं, ना कणीस, ना चूल. त्याने मोजून दिलेलं भांडं काढलं.

जे मोजून मिळतं ते मिळालं नाही की काय होतं, याचीही नोंद आहे. इ.स.पू. ११५७ च्या आसपास, इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या राजवटीच्या २९व्या वर्षी, राजांची थडगी कोरणारे देर अल मदिना या वस्तीतले कारागीर काम टाकून उठले. त्यांचा धान्याचा शिधा थकला होता. ते देवळांच्या आवारात जाऊन बसले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले की आम्ही भुकेने आणि तहानेने इथवर आलो आहोत. ना कपडा आहे, ना तेल, ना मासे, ना भाजी. हे राजाला कळवा. आज इटलीतल्या तुरीनमध्ये असलेल्या एका पपायरसवर हे सगळं लिहिलेलं आहे. इतिहासाला ठाऊक असलेला हा पहिला संप. आणि संपकऱ्यांनी तक्रार केली ती नाईलच्या पुराबद्दल नव्हती. शिधा वेळेवर देणं ही ज्यांची जबाबदारी होती, त्यांच्यासमोर जाऊन ते बसले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांना जे कळत होतं, ते आपल्या वादात हरवलं आहे.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागायची तर पीक तेच, प्रदेश तोच, संकट त्याच जातीचं आणि कोठार मात्र वेगळं, अशी जोडी हवी. चीनच्या इतिहासात ती सापडते. इ.स.पू. ५४ मध्ये हान राजवटीतल्या गेंग शोउचांग या अधिकाऱ्याने सुचवलेली व्यवस्था साधी होती: सुगीत भाव पडले की सरकारने धान्य विकत घ्यायचं, टंचाईत भाव चढले की तेच बाजारात उतरवायचं. अठराव्या शतकात छिंग राजवटीने ही कोठारं जिल्ह्याजिल्ह्यात भरती ठेवली होती. १७४३-४४ मध्ये बीजिंगभोवतीच्या झिली प्रांतात पीक करपलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी गावोगाव घरटी नोंदी केल्या, कोणत्या घराला किती महिने लागेल ते ठरवलं, दक्षिणेकडून आलेलं धान्य महाकालव्याच्या जलमार्गाने आणलं आणि लाखो माणसं जगवली. आता १८७६ ते १८७९. त्याच उत्तर चीनमध्ये पावसाने पुन्हा दगा दिला आणि मृतांचा अंदाज ९० लाख ते १ कोटी ३० लाख इतका भयानक आहे. या वेळचा दुष्काळ जास्त लांबला आणि जास्त पसरला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोन्ही संकटं तोलाने सारखी नव्हती. पण मधल्या काळात काय झालं होतं? अफूच्या युद्धांनी आणि १८५० ते १८६४ च्या ताइपिंग यादवीने खजिना रिकामा केला होता, कोठारं ओस पडली होती, १८५५ मध्ये पीत नदीने पात्र बदलल्यावर कालव्याची उत्तरेकडची वाट मोडली होती. धान्य देशात होतं. डोंगरांनी वेढलेल्या शान्शी प्रांतापर्यंत ते पोचवणारे हात उरले नव्हते. त्याला निव्वळ पावसाचा दुष्काळ म्हणणं हा मेलेल्यांवर दुसरा अन्याय आहे.

याच दशकातली दुसरी जोडी आणखी जवळून पाहता येते, कारण तिच्यात माणूससुद्धा एकच आहे. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये पीक बुडालं तेव्हा ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल याच्या देखरेखीखाली ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणला गेला, मदत सढळ हाताने वाटली गेली आणि उपासमारीचे मृत्यू जवळपास झालेच नाहीत. याबद्दल त्याचा गौरव व्हायला हवा होता. झाली टीका, उधळपट्टी केली म्हणून. १८७७ मध्ये त्याच टेंपलला दक्षिणेतल्या दुष्काळावर पाठवलं गेलं ते काटकसरीचे आदेश देऊन, आणि त्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. त्या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसं गेली आणि त्याच काळात बंदरांतून धान्य परदेशी जात राहिलं. पिकाचा स्वभाव या चार वर्षांत बदलला होता का? बदलला तो वरून आलेला आदेश.

आयर्लंडचं नाव निघालं की बटाट्याला दोष देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे. १८४५ मध्ये करपा आला, बटाटा कुजला, १० लाख माणसं मेली आणि तेवढीच, कदाचित जास्तच, देश सोडून गेली. यातही कबूल करण्यासारखं पुष्कळ आहे. देशातली जवळपास एक तृतीयांश माणसं बटाट्यावरच जगत होती, आणि बहुतेक ठिकाणी एकच वाण लावलेलं होतं. रोगाला याहून मोकळं रान कुठलं? पण ती माणसं एकाच कंदावर का आली होती? कारण चांगली जमीन जमीनदाराच्या गव्हाला, ओटला आणि गुरांना गेली होती आणि कुळाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात घर जगवेल असं दुसरं पीक नव्हतं. त्याहून बोलका आहे १८४७ चा उन्हाळा. सरकारने गावोगाव शिजवलेलं अन्न वाटायची केंद्रं उघडली आणि जुलैमध्ये रोज सुमारे ३० लाख लोक तिथे जेवत होते. म्हणजे इतक्या लोकांना खाऊ घालणं शक्य होतं, ते करून दाखवलं गेलं होतं. आणि शरद ऋतूपर्यंत ती केंद्रं बंद करण्यात आली. त्याच वर्षी नियम आला की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत मिळणार नाही. पोराबाळांना खायला हवं असेल तर जमीन सोडा. कितीतरी घरांनी जमीन सोडली. हा नियम करप्याने केला नव्हता.

बटाट्याने युरोपची भरभराट केली, हेही मी नाकारत नाही. १७०० ते १९०० या काळात आशिया, युरोप आणि आफ्रिका मिळून जी लोकसंख्या वाढली, तिच्यातला सुमारे एक चतुर्थांश वाटा बटाट्याचा असावा, असा अर्थशास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे आणि तो मला अशक्य वाटत नाही. पीक मर्यादा ठरवतं, किती तोंडं भरता येतील याची कमाल ठरवतं. त्या मर्यादेच्या आत कोण जेवणार आणि कोण उपाशी राहणार, हे मात्र त्याच्या हातात नाही. आज तर ही मर्यादा फार पुढे सरकली आहे. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकतं; सर्वांना सारखं वाटलं तर माणशी रोज जवळजवळ किलोभर. आणि तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सुमारे ७३ कोटी माणसं भुकेली होती. पिकलेल्यातलं बरंचसं जनावरांच्या खाद्यात आणि इंधनात जातं, बाकीचं ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जातं. २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा युक्रेनच्या बंदरांत धान्य भरून पडलं होतं, खरेदी करणारे देश वाट पाहत होते, आणि जहाजांना वाट मिळाली ती जुलैमध्ये इस्तंबूलला सह्या झाल्यावर. वर्षभरात त्या वाटेने सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल गेला. पुढच्या जुलैमध्ये रशियाने अंग काढून घेतलं आणि तो करार संपला. नवं वाण आलं की भूक संपेल, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे एक वर्ष तरी डोळ्यांपुढे ठेवावं.

साखरेवर मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण तिथे उत्तर साखरेनेच दिलेलं आहे. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतला फार मोठा हिस्सा ब्राझील व कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांकडे गेला. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर त्यातली साखर उतरते. म्हणून तोडणीपासून कढईपर्यंत रात्रंदिवस कामाचा जाच. पिकाने एवढी सक्ती लादली हे कबूल. पण ऊस मूळचा न्यू गिनीचा, त्याची दाणेदार साखर भारतात हजार-दीड हजार वर्षं आधीपासून होत होती, तिथे असे मळे उभे राहिले नव्हते. मग १७४७ मध्ये बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदात तीच साखर दाखवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातली निम्म्याहून जास्त साखर युरोपातल्या शेतकऱ्यांच्या बीटमधून येऊ लागली. गोडवा तोच आणि रसायनही तेच. आणि हैतीत? १७९१ ला उठाव करून १८०४ ला स्वतंत्र झालेल्या गुलामांनी त्याच जमिनीवर ऊस लावायचा सोडून घरासाठी कंद, केळी आणि धान्य लावलं. उसाच्या अंगातच गुलामगिरी असती तर त्यांनी एवढ्या सहज पाठ फिरवली असती का?

मक्याची कथा मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तीत कोठाराच्याही पुढची एक जागा आहे: चूल. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या परिसरात गेली तीन हजार वर्षं तरी बायका मका तसाच दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात राहू देतात, सकाळी हातांनी चोळून सुटलेली सालं धुऊन टाकतात आणि मऊ झालेला दाणा दगडावर वाटतात. वासाने, चवीने आणि पीठ मळलं जाण्याच्या सोयीने ही रीत टिकली. तिचं आणखी एक काम होतं, ते कोणाला नावाने माहीत नव्हतं: मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याने मोकळं होतं. जहाजांतून मका युरोपात गेला, चुन्याची रीत मागे राहिली. ज्या बायकांना ती येत होती त्यांना विचारावंसं कोणाला वाटलं नाही. स्पेनमध्ये १७३५ मध्येच एका वैद्याने मका खाणाऱ्या गरिबांच्या लालभडक, खरबरीत कातडीचं वर्णन केलं. उत्तर इटलीत हाच रोग पसरला, पेलाग्रा म्हणून. आधी कातडी, मग अतिसार, मग भ्रमिष्टपणा आणि मृत्यू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या रोगाने सुमारे एक लाख बळी घेतले. डॉक्टर जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ नंतर अनाथाश्रमांत आणि मनोरुग्णालयांत मुलांना, रोग्यांना दूध, मांस, कडधान्यं द्यायला लावली आणि रोग हटला. मग तो दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर फिरला, कोण काय खातं आणि कोणाची कमाई किती ते लिहून काढलं. जितकी कमाई कमी, तितका रोग जास्त. पिकांचा पक्ष या गोष्टीत मक्याला दोषी धरेल. मला त्यात दोन माणसं दिसतात: चुन्याच्या पाण्यात हात घातलेली एक बाई, जिचं ज्ञान कोणी ज्ञान मानलं नाही, आणि गिरणीतला एक मजूर, ज्याच्या मजुरीत मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यापलीकडे काही बसत नव्हतं.

राजे आणि विचार यांच्या बाजूला आतापर्यंत मी फारसं बोललो नाही. त्यांचं सर्वांत बळकट म्हणणं असं की भूक सगळीकडे आणि सगळ्या काळात होती, क्रांत्या मात्र मोजक्याच झाल्या; मग फरक पडला तो विचारांनीच. फ्रान्समध्ये १६९३-९४ मध्ये दहा लाखांहून जास्त माणसं मेली, १७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर आणखी सुमारे सहा लाख, आणि सिंहासन जागचं हललं नाही. १७८९ ची टंचाई त्यापुढे लहान होती, तरी सिंहासन गेलं. मुद्दा बिनतोड वाटतो. पण ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बायका पावसात चालत व्हर्सायला गेल्या, दुसऱ्या दिवशी राजाराणीला आणि युवराजाला घेऊन परतल्या, तेव्हा त्या काय ओरडत होत्या? पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचा पोर आम्ही घेऊन आलो! पावाचा पुरवठा ही राजाची जबाबदारी, ही समजूत फार जुनी. त्यांच्या आधीच्या पिढीने धान्यव्यापार मोकळा सोडण्याचे प्रयोग सोसले होते, १७७५ मध्ये पिठासाठी दंगली केल्या होत्या. कोठाराची किल्ली राजाकडे आहे आणि तो ती नीट वापरत नाही, ही खात्री पटल्यावर विचारांना पाय फुटले. स्वातंत्र्य आणि समतेचे शब्द त्या मोर्च्याआधी लिहिले गेले होते हे खरं. व्हर्सायपर्यंत ते चालत गेले ते रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायकांच्या पायांनी.

शेवटी उरतो एक आक्षेप, आणि तो दोन्ही बाजूंकडून येतो: कोठारं, हुकूम, हिशेब हे सगळं ठीक, पण पोटात आग पडली की माणूस निवड करायच्या स्थितीत राहत नाही, भूकच त्याला चालवते. उपाशी माणसाला बाहेरून पाहणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांच्या वेढ्यात सापडलेल्या रशियातल्या लेनिनग्राडमध्ये कामगार नसलेल्या माणसाच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता, आणि त्यातही पिठाखेरीज बरंच काही मिसळलेलं असे. त्याच शहरातल्या एका संस्थेत निकोलाय वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर फिरून जमवलेला बियाण्यांचा संग्रह होता. वाविलोव्ह स्वतः तिथे नव्हता. स्टालिनच्या राजवटीने १९४० मध्ये त्याला अटक केली होती, आणि भूक कायमची मिटवायला निघालेला हा माणूस जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात कुपोषणाने मेला. संस्थेत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी न तापवलेल्या अंधाऱ्या खोल्यांत बियाण्याचे डबे राखले, उंदरांपासून आणि एकमेकांच्या भुकेपासूनही. कोणी एकट्याने साठ्यापाशी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भाताच्या संग्रहाची जबाबदारी असलेला गेला, भुईमुगाची असलेला गेला, ओटची असलेली गेली. भाताच्या पुड्या हजारो होत्या, हाताच्या अंतरावर होत्या, शिजवून खाता येण्याजोग्या होत्या. त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच होती.